कुंभार्ली घाट, समृद्धी महामार्ग आणि टायरचा एकच सेट

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात राहणारे एक प्राध्यापक, गाडी डिझायर, टायर १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के उंच, चाक १५ इंची). गाव चिपळूणजवळ, म्हणजे गणपतीला, शिमग्याला आणि मध्ये कधीही कुंभार्ली घाट उतरणं आलं. मुलगी नागपूरला शिकते, म्हणून ऐन मे महिन्यात समृद्धीवरून जाणं-येणं. टायरवर ३८,००० किलोमीटर झालेत. एका दुकानात सांगितलं, ‘अजून वर्षभर बघायला नको.’ दुसऱ्यानं सांगितलं, ‘एक नंबर रुंद टाका, ग्रिप वाढेल.’ शेजाऱ्यांनी नायट्रोजन भरायला सांगितलं. ऊन, पाऊस आणि अवकाळी या तिन्हींना पुरेल असा एकच सेट मिळतो का, आणि मिळत असेल तर तो कसा ओळखायचा?

सर, मी कराडला टायर बसवतो आणि अलाइनमेंट करतो, म्हणजे चाकांची दिशा आणि कल जुळवून देतो, त्याला २८ वर्षं झाली. नागपूरच्या उन्हाळ्यातून आलेल्या आणि कोयनेच्या पावसात चाललेल्या अशा दोन्ही गाड्या माझ्या रॅम्पवर चढतात. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारणं. टायर निवडायचा तो तुमच्या वर्षातल्या सगळ्यात वाईट पावसाच्या दिवसासाठी. उन्हाळा टायरच्या जातीनं सांभाळायचा नसतो, तो हवेच्या प्रेशरनं, वजनानं, टायरच्या वयानं आणि ॲक्सिलेटरवरच्या पायानं सांभाळायचा असतो. लोक नेमकं उलटं करतात. उन्हात फुटू नये म्हणून ‘कडक’, जास्त किलोमीटर चालणारा टायर घेतात आणि पावसात गाडी थांबत नाही म्हणून ब्रेकला शिव्या घालतात.

‘लहरी हवामान’ म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. दहिवडीकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-कोयनेकडं पाच हजारांच्या घरात. एकाच गाडीनं, एकाच दिवसात, एकाच टायरवर तुम्ही हे दोन्ही मुलूख ओलांडता. त्यात वेळापत्रकही राहिलं नाही. २०२५ चा मे आठवा. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला यायचा, तो रोहिणी नक्षत्र लागतं न लागतं तोच २६ मेला येऊन ठेपला. बारामती-दौंडकडं मे महिन्यात ओढे वाहिले, नीरा कालवा फुटला. ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात टायर बदलू’ म्हणून थांबलेली माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या आठवड्यात गोटा झालेल्या टायरवर फिरत होती.

माझ्या अनुभवात आषाढातल्या धो-धो पावसापेक्षा वळवाचा आणि अवकाळी पाऊस जास्त गाड्या घसरवतो. महिनोन्महिने रस्त्यावर साचलेलं डिझेल, ऑइल, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ यांचा पहिल्या सरीत लेप होतो. तासभर जोरात पडला तर तो धुऊन जातो, पण पहिली दहा-वीस मिनिटं रस्ता साबण लावल्यासारखा असतो. आपल्या भागात आणखी एक भर आहे, ती म्हणजे ऊस. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की शेतातून निघालेले ट्रॅक्टर-ट्रॉल्या चाकाला चिकटलेली काळी माती डांबरी रस्त्यावर सोडत जातात. वर पाचट सांडतं. सुकी असेपर्यंत ती नुसती धूळ असते. जानेवारी-फेब्रुवारीत एखादी अवकाळी सर आली की उंब्रज-पाटण रस्त्यावर मोटारसायकलवाले पटापट पडतात, आणि चारचाकीवाल्याला वळणावर पहिल्यांदा कळतं की आपल्या टायरला नक्षी होती ती मागच्याच वर्षी.

आता टायर नेमकं काय करतो ते बघू. माणसं बसलेली तुमची गाडी साधारण बाराशे किलोच्या आसपास धरा. एका चाकावर तीनशे किलो आले. ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक, बोलताना आपण त्यालाच पॉइंट म्हणतो) हवा असेल तर हे वजन पेलायला रस्त्याला टेकलेला टायरचा भाग सव्वाशे-दीडशे चौरस सेंटिमीटर लागतो, म्हणजे आपलं जुनं पोस्टकार्ड असायचं तेवढा. चार पोस्टकार्डांवर तुमचं कुटुंब घाट उतरतं. आता रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे आणि तुम्ही ताशी ८० नं चालला आहात असं समजा. १८५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला बारा लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक बादली, समोरून उचलून बाजूला फेकायचं असतं. ते जातं कुठून? टायरच्या गोलाईभर फिरणाऱ्या तीन-चार खोल खाचांतून आणि त्यांना आडव्या जोडलेल्या चरांमधून. खाच उथळ झाली की पाणी निघायला जागा नाही, मग टायर पाण्यावर चढतो. स्टेअरिंग एकदम हलकं होतं. तेव्हा ब्रेकवर उभं राहायचं नाही, ॲक्सिलेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि टायर पुन्हा रस्त्याला लागायची वाट बघायची.

कायद्यानं कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथं, टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बारीक त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत बघितलं की पट्टी सापडते. नवा टायर सात-आठ मिलिमीटरचा असतो. पण १.६ हा आकडा कोरड्या रस्त्याचा समजा. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मी स्वतः पावसाळ्यात घाट उतरत नाही. घरच्या गाडीला तर नाहीच. दीड-दोनशे रुपयांत खोली मोजायचं गेज मिळतं. ते घ्या आणि प्रत्येक टायर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला असा तीन ठिकाणी मोजा. उभं राहून बाहेरून बघितलं तर टायर छान दिसतो आणि आतली कड तारेपर्यंत गेलेली असते. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचं हे नेहमीचं चित्र.

तुम्ही पुढच्या टायरची नक्षी ३ आणि मागच्याची ४ लिहिली आहे, आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी अक्षरांच्या शेवटी १४२० हा आकडा. त्याचा अर्थ २०२० सालचा चौदावा आठवडा. म्हणजे टायरला सहा वर्षं होत आली. रबर न वापरताही म्हातारं होतं. ऊन, ओझोन आणि उष्णता त्यातला मऊपणा काढून घेतात. साइडवॉलवर आणि खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसतात, नखानं दाबलं तर नवीन टायरसारखं रबर दबत नाही. नक्षी शिल्लक असलेला पण कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर फसवतो, कारण मालकाला वाटतं अजून माल आहे. तेव्हा ‘वर्षभर बघायला नको’ म्हणणाऱ्यानं फक्त नक्षी बघितली, तारीख बघितली नाही. तुम्ही चारही बदला, आणि मे महिन्यातल्या नागपूर वारीच्या आधी बदला.

कोणता घ्यायचा, यात दोन गोष्टी बघायच्या, रबर आणि नक्षी. रबर महत्त्वाचं, पण डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी टायरच्या रबरात मुख्यतः कार्बन ब्लॅक असायचं, टायर काळा दिसतो तो त्यामुळं. १९९० च्या दशकापासून कारच्या टायरमध्ये सिलिका मोठ्या प्रमाणात आली. सिलिकाच्या रबरानं ओल्या रस्त्यावर पकड वाढते आणि चाक ओढायला इंजिनाला जोरही कमी लागतो. सिलिका भरपूर असलेल्या टायरच्या जाहिरातीत कंपनी ते ठळक सांगते, कारण ते स्वस्त पडत नाही.

काउंटरवर उभं राहिल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. जवळजवळ प्रत्येक कंपनीकडं तुमच्या मापात दोन घराणी असतात. एक जास्त किलोमीटरचं, एक पकडीचं आणि आरामाचं. सिएटमध्ये माइलेझ हे पहिल्या घराण्यातलं, सिक्युराड्राइव्ह दुसऱ्यातलं. अपोलोत अमेझर फोर-जी लाइफ आणि अल्नॅक. गुडइयरमध्ये ड्युराप्लस आणि ट्रिपलमॅक्स. मॉडेलची नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, घराणी बदलत नाहीत. पहिल्या घराण्यातले टायर वाईट नाहीत. टॅक्सीवाल्याला, रोज पुणे-सातारा करणाऱ्याला मी तेच देतो, त्याचा धंदाच किलोमीटरवर आहे. पण तुम्ही सहा वर्षांत ३८,००० चालवलेत. लाखभर किलोमीटर चालणारा टायर घेऊन तुम्ही करणार काय? तुमच्याकडं तो झिजून संपण्याआधी वयानं संपेल. तुमच्यासारख्या कमी चालवणाऱ्यानं लवकर झिजणारा, मऊ, ओल्यात धरणारा टायर घेतला तरी नुकसान काहीच नाही. हा हिशेब दुकानदार सांगत नाही, कारण गिऱ्हाईक आत आल्याआल्या पहिलं वाक्य टाकतं, ‘किती किलोमीटर चालेल?’

लेबलचा आधार थोडा मिळतो. आपल्याकडं एआयएस १४२ या मानकात ओल्या रस्त्यावरची पकड, फिरण्याचा विरोध आणि आवाज या तिन्हींच्या किमान मर्यादा घालून दिल्या आहेत. नव्या रचनेच्या टायरना १ ऑक्टोबर २०२२ पासून त्या मर्यादा लागू झाल्या. किमान मर्यादेवरून उत्तम कोण हे मात्र कळत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर ओल्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी छापतात. तुम्हाला हवा तोच टायर त्याच मापात तिकडं विकला जात असेल तर कंपनीच्या युरोपातल्या पानावर ती श्रेणी सापडते. एकाच नावाचा टायर इकडं आणि तिकडं वेगळ्या रबराचा असू शकतो, म्हणून एवढ्या एकाच गोष्टीवर पैसे लावू नका. ओळखीच्या दोन-तीन जणांना विचारा, पण ‘टायर कसा आहे’ असं नको. ‘दोन पावसाळे झाल्यावर घाटात कसा वागला’ असं विचारा. पहिल्या पाच हजार किलोमीटरमध्ये सगळेच टायर गुणी असतात.

नक्षीचं सोपं आहे. गोलाईभर किमान तीन, जमल्यास चार रुंद खाचा हव्यात. खाचांमधल्या रबराच्या ठोकळ्यांवर मुद्दाम पाडलेल्या बारीक चिरा हव्यात, त्या पाण्याचा शेवटचा पातळ थर फोडतात. बाहेरची बाजू आणि आतली बाजू वेगळी असलेले टायर मिळतात, ते चांगले असतात, फक्त बसवताना ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आली का ते स्वतः बघा. बाण असलेले टायर एकाच दिशेनं फिरतात, उलटे बसवले तर पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी मध्ये ओढतात. हे चुकत नसेल असं वाटतं ना? महिन्यातून एक तरी गाडी माझ्याकडं असा टायर उलटा घेऊन येते.

आता तो रुंद टायरचा सल्ला. १८५ च्या जागी १९५ किंवा २०५ टाकला तर कोरड्या रस्त्यावर वळणात गाडी जरा घट्ट वाटते, आणि दिसते भारी, हे खरं. पण हवा आणि वजन तेवढंच असेल तर रस्त्याला टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, आकार बदलतो. लांबट पोस्टकार्ड आडवं होतं. आडवं पोस्टकार्ड समोरून जास्त पाणी अंगावर घेतं आणि ते बाहेर काढायला त्याला वेळ कमी मिळतो. वरच्या हिशेबातली बादली मोठी होते. पाण्यावर चढायच्या बाबतीत अरुंद टायर रुंद टायरपेक्षा सरस. शिवाय उंचीचं गणित आहे. तुमच्या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. २०५/६५ टाकला तर तो ६४७ होतो, चार टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर ९६ दाखवेल तेव्हा गाडी खरी शंभरवर असेल आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायची शक्यता. कंपनीनं दिलेलं माप ठेवा. सोळा-सतरा इंची मोठी ॲलॉय चाकं आणि पातळ साइडवॉलचे टायर तर कोकणात नेऊच नका. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे पोटात घ्यायला ६५ ची उंच साइडवॉल लागते. पातळ साइडवॉल रिम आणि खड्डा यांच्यामध्ये चिरडते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. ‘थोडे दिवस चालवा’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठून या.

उन्हाकडं वळतो. समृद्धीवर टायर फुटतात हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा सरळ रस्ता, कारला १२० ची मर्यादा, वर विदर्भातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन. लोकांना वाटतं टायर आत हवा फुगून फुटतो, फुग्यासारखा. म्हणून मे महिन्यात निघताना सल्ला मिळतो, ‘चार पॉइंट हवा कमी ठेवा.’ सर, हा सल्ला देणाऱ्यानं कितीही वर्षं गाडी चालवली असो, ऐकू नका.

टायर फिरताना खालचा भाग दबतो, वर आला की पुन्हा सरळ होतो. ताशी १२० वर तुमच्या मापाचा टायर सेकंदाला सतरा वेळा असा दबतो आणि सुटतो. लोखंडाची तार पुढं-मागं वाकवत राहिलं की गरम होऊन तुटते, तसंच. हवा कमी म्हणजे दबणं जास्त, दबणं जास्त म्हणजे आतली उष्णता जास्त. तास-दोन तास असं चाललं की रबर आणि आतला तारांचा पट्टा एकमेकांना सोडतात, मग साइडवॉल फाटते. हवा कमी, वजन जास्त, वेग जास्त, टायर जुना. माझ्याकडं आलेल्या फाटलेल्या टायरमध्ये या चारपैकी किमान दोन गोष्टी हटकून सापडल्या. नुसत्या उन्हानं चांगला टायर फुटलेला मी बघितलेला नाही.

हवा तापली की दाब वाढतो हे खरंच, पण किती? साधारण सहा अंशांना एक पीएसआय. जानेवारीत साताऱ्यात सकाळी १२ अंशांत ३२ भरली आणि गाडी तशीच मे महिन्यात नागपुरात ४४ अंशांत उभी केली, तर गेज ३७ दाखवेल, चालल्यावर आणखी तीन-चार. गाडीच्या कंपनीनं दाराजवळच्या पाटीवर आकडा छापताना हे सगळं धरलेलं असतं. तो आकडा गार टायरचा आहे. गरम टायर बघून हवा सोडली की गार झाल्यावर तुम्ही कमी हवेवर आलात.

याचं उलट टोक कुणी बोलत नाही, म्हणून सांगतो. नागपुरात मे महिन्यात सकाळी ३० अंशांत हवा बरोबर ३२ भरली. परत आलात. टायरमधून महिन्याला पीएसआयभर हवा अशीच झिरपते. जुलैच्या अखेरीस कोयनानगरला २० अंशांत धुक्यात गाडी उभी, तेव्हा गेज २८ दाखवतं. कुणी काही केलं नाही, पंक्चर नाही, तरी चार पॉइंट गेले. आणि पाण्यावर टायर चढायचा वेग हवेच्या दाबाशी बांधलेला आहे. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर काम करून त्याचं सूत्र बसवलं: पीएसआयच्या वर्गमुळाला नऊनं गुणा, उत्तर नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). ३२ ला ते ताशी ९४ किलोमीटर येतं, २५ ला ८३. कारला हे आकडे जसेच्या तसे लागत नाहीत, नक्षी आणि पाण्याची खोली त्यात बराच फरक पाडते. पण रोख कळतो. कमी हवा उन्हात टायर जाळते आणि पावसात टायर तरंगवते. तुमच्या दोन्ही प्रवासांचं औषध एकच निघतं आणि ते पेट्रोल पंपावर फुकट मिळतं. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी दोन किलोमीटरहून जास्त चालायच्या आत, स्वतःच्या गेजनं. पंपावरच्या मशीनवर माझा विश्वास कमी आहे. डिकीभर सामान आणि पाच माणसं असतील तर पाटीवर पूर्ण वजनाचा जो वेगळा आकडा असतो तो भरा.

नायट्रोजनचं दोन वाक्यांत. आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो एवढाच फायदा. फुकट मिळाला तर भरा, वाटेत नाही मिळाला तर साधी हवा त्यातच बिनधास्त टाका, पण ‘नायट्रोजन आहे’ म्हणून सहा महिने गेज लावायचं सोडू नका.

साइडवॉलवर मापापुढं ८८ एच असं काहीतरी असेल. ८८ म्हणजे एका टायरनं ५६० किलो पेलावेत, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. टी असेल तर १९०, एस असेल तर १८०. तुम्ही १८० नं जाणार नाही हे मला माहीत आहे, पण वेगाचं अक्षर जितकं वरचं तितकी उष्णता सोसायची ताकद साधारणपणे जास्त. तुमच्या गाडीला मुळात आलेल्या आकड्यापेक्षा आणि अक्षरापेक्षा खाली कधी उतरू नका. दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाला तरी.

आता एक विषय, ज्यावर माझं शेजारच्या दुकानदारांशी अजून जमत नाही. तुम्ही म्हणालात, ‘पैशांची अडचण आली तर दोनच टाकतो, पुढं.’ दोनच टाकायचे असतील तर नवे मागं टाका.

मीही सुरुवातीची सात-आठ वर्षं पुढंच टाकत होतो. इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, ब्रेकचा जोर पुढं, टायर झिजतात पुढं, म्हणजे नवे पुढं. सरळ हिशेब वाटायचा. मग एका गिऱ्हाइकाची गाडी आली. चारच दिवसांपूर्वी पुढं नवे टायर मीच टाकले होते, मागचे दोन मिलिमीटरवर होते. हेळवाकच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी, पहिल्या सरीत एका उतरत्या वळणावर गाडीची शेपूट सुटली आणि गाडी गोल फिरून वरच्या बाजूच्या गटारात अडकली. दरीकडं नाही गेली. माणसं ठणठणीत होती, मालकानं मला एक शब्द लावला नाही. तो म्हणाला, ‘पुढचं चाक तर रुतल्यासारखं धरून होतं, मागून कुणी ढकललं काय कळेना.’ त्यातच सगळं आलं. पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जायला बघते, पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून निघतो आणि बऱ्याचदा पकड परत येते. मागचे सुटले तर गाडी फिरते, आणि ते सावरायला ड्रायव्हरला दरवेळी जमतंच असं नाही. पुढच्या चाकांना तुम्ही स्टेअरिंगमधून सतत विचारत असता, मागची चाकं सुटेपर्यंत काही बोलत नाहीत. टायर कंपन्याही हेच सांगतात, पण दुकानात ‘मागं कशाला, फुकट जातील’ हा आवाज मोठा असतो. पुढं-मागं झिज सारखी ठेवायची असेल तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करत राहा, म्हणजे चारही एकदम बदलायला येतील आणि हा वादच होणार नाही.

‘ऑल सीझन’ लिहिलेल्या टायरबद्दल तुम्ही विचारलंय. त्या शब्दांमधला एक सीझन बर्फाचा आहे. थंड देशांत सात अंशांच्या खाली साधं रबर लाकडासारखं होतं, म्हणून तिकडं मऊ रबराचे, डोंगर आणि बर्फाच्या कणाचं चिन्ह असलेले टायर लागतात. माझा भाचा मॉन्ट्रियलला असतो, तिथं १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानं सक्तीचे आहेत. तेच मऊ रबर नागपूरच्या मे महिन्यात लाडूसारखं दबेल आणि भराभर झिजेल. वेण्णा तलावावर हिमकण दिसल्याचे फोटो दर हिवाळ्यात येतात, पण तेवढ्यासाठी बर्फाचा टायर नको. आपल्याकडं दुकानात मिळतो तो साधा रस्त्याचा टायरच तुमचे तिन्ही ऋतू भागवतो. आणि गावाकडच्या काळ्या मातीसाठी जाड बटणाचे टायर घ्यावेत का, तर तुमच्या गाडीला नकोत. भिजलेल्या काळ्या रानात कुठलाही कार टायर दोन फेऱ्यांत मातीनं भरून गुळगुळीत होतो. गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत जा.

घ्यायच्या दिवशीचं सांगतो. चारही टायरच्या तारखा स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंत चालेल, त्यापुढं सूट देत असले तरी मी घेणार नाही. आयएसआय खूण बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा पक्कं बिल घ्या, वॉरंटीलाही तेच लागतं. व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा. वीस-पंचवीस रुपयांच्या जुन्या व्हॉल्व्हपायी नव्या टायरची हवा बसते. बॅलन्सिंग चारही चाकांचं, अलाइनमेंट त्याच दिवशी. नट एअर गननं पूर्ण आवळू देऊ नका, शेवटचा वळसा हातपान्यानं मारायला लावा, नाहीतर रस्त्यात पंक्चर झाल्यावर नट तुमच्यानं सुटणार नाही. नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा निसरडे असतात, साच्यातून काढताना लावलेलं द्रव्य वरच्या थरावर राहतं. म्हणून बसवले की त्याच संध्याकाळी घाटात नेऊ नका, आधी साताऱ्यातल्या साताऱ्यात फिरवा.

तुमच्या बजेटचं म्हणाल तर २५,००० मध्ये या मापाचे चार चांगले टायर बसतात. उरलेल्यातून गेज घ्या आणि डिकी उघडून स्टेपनी बघा. सहा वर्षांत तिला कुणी हात लावला नसेल. तिच्यावरचीही तारीख वाचा. अनेक गाड्यांत ती वेगळ्या मापाची असते, काहींत तर बारीक, ८० च्या वर न्यायची नाही असं लिहिलेली. तशी असेल तर समृद्धीवर पंक्चर झाल्यावर पुढच्या इंटरचेंजपर्यंत डाव्या लेननं ८० च्या आत जायचं आणि बाहेर पडून टायर करून घ्यायचा. तिथं दोरीचं पंक्चर काढून देतील, तेवढ्यापुरतं ते ठीक. घरी आल्यावर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा, देठ भोकात बसणारा) मारून घ्या. भोक खांद्यावर किंवा साइडवॉलला असेल तर पॅचही नको. स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर जुन्या चारमधला एखादा ‘बरा’ टायर तिच्या जागी ठेवायचा मोह होईल. १४२० चा आहे तो, दुकानातच सोडून या.